आरी वर्कच्या चोळ्या, घामाचा वास आणि ६० रुपयांचे रिठे

डान्सच्या कपड्यांसाठी आजवर मी काय काय विकत आणलंय त्याचा हिशोबच नाही, पण सगळ्यात कमी पैशात सगळ्यात जास्त उपयोगाला काय आलं विचाराल तर रिठे. बेळगावच्या रविवार पेठेत काष्ठौषधीच्या दुकानात पोत्यात उघडे मिळतात ते. या खेपेला पाव किलो ६० रुपयांना आणले, जोडीला मेडिकलमधून ७० टक्केवालं आयसोप्रोपिल अल्कोहोल अर्धा लिटर आणि एक स्प्रेची बाटली. असल्याच सामानावर आमच्या क्लासच्या आरी वर्कच्या, म्हणजे आकड्याच्या सुईनं मणी-मोती भरलेल्या, १४ चोळ्या तीन सीझन निघाल्यात आणि अजून मोती जागेवर आहेत. म्हणून म्हटलं नीट लिहून काढावं, कारण दर वर्षी गॅदरिंग झालं की क्लासमधल्या मुलींच्या आया मला हेच विचारतात, मॅडम हे धुवायचं कसं.

माझा अनगोळला छोटा क्लास आहे, सेमीक्लासिकल आणि फोक शिकवते. ग्रुपसाठी एकदाच चांगले ड्रेस करून घ्यायचे ठरवलं, भाड्याच्या ड्रेसला दुसऱ्यांच्या घामाचा वास येतो आणि माप कधी बसत नाही म्हणून. कापड शहापूरच्या खडेबाजारातून घेतलं, सिल्क मिक्स, गडद जांभळं, आणि आरीचं काम वडगावच्या एका आक्कांकडं दिलं. गळ्याला, बाहीच्या कडेला आणि पाठीवर पूर्ण काम: काचेचे बारीक मणी, नळीचे मणी, टिकल्या, आणि मध्ये मध्ये प्लास्टिकचे मोती आणि चिकटवलेले खडे. एकेक चोळी करायला आक्कांना तीन-चार दिवस लागले. कपडा हातात घेतला की जड लागतो, खिशात सुट्टे पैसे भरल्यासारखा.

आता झालं काय, पहिल्याच वर्षी नवरात्रात लागोपाठ चार कार्यक्रम झाले, मुली स्टेजवरून उतरल्या की घामानं चिंब, आणि ड्रेस तसेच घड्या घालून बॅगेत. पाचव्या दिवशी बॅग उघडली तर उभं राहवेना. मी घाबरून सहा चोळ्या ड्रायक्लिनिंगला टाकल्या. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण त्यांचं काम साध्या साड्यांना, कोटाला चांगलंच असेल. माझ्या चोळ्या परत आल्या त्या मात्र बघवत नव्हत्या. प्लास्टिकच्या मोत्यांची वरची चमक सोलून आत नुसते पांढरे मणी राहिलेले, टिकल्यांचा सोनेरी रंग फिका, आणि चिकटवलेले खडे निम्मे पिशवीच्या तळाला. मी रडलेच त्या दिवशी. आक्कांचे तीन-तीन दिवस त्यात गेलेले मला दिसत होते.

नंतर कळलं ते असं की ड्रायक्लिनिंग म्हणजे पाणी नाही म्हणून कोरडं, पण कपडा पूर्ण भिजतोच, केमिकलच्या सॉल्व्हंटमध्ये. त्यात जे पर्क नावाचं सॉल्व्हंट वापरतात ते तेलकट डागाला छान, पण काही प्लास्टिकचे मणी त्यात विरघळतात, टिकल्यांचा रंग जातो आणि खड्यांचा गोंद सुटतो. वर मशीनमध्ये फिरवणं आणि गरम हवा. साध्या काचेच्या मण्याला सहसा काही होत नाही, पण आपल्याकडं मिळणाऱ्या कामात काच किती आणि प्लास्टिक किती हे आपल्यालाच माहीत नसतं. ओळखायची सोपी युक्ती म्हणजे मणी ओठाला लावून बघायचा, काच गार लागते, प्लास्टिक नाही. आणि वजनाला पण काच जड.

त्या सहा चोळ्या घेऊन मी आक्कांकडं गेले दुरुस्तीला. त्यांनी चोळी उलटी केली, आतलं अस्तर बघितलं, काखेत बोट फिरवलं आणि मला म्हणाल्या, "अगे, तू चोळी धुवायलीस का मोती धुवायलीस? मोत्याला घाम येतोय काय?" तिथंच माझं डोकं उघडलं खरं सांगते. घाम येतो अंगाला, तो लागतो अस्तराला, म्हणजे काखेत, मानेच्या मागं आणि कमरेच्या पट्टीला. वरच्या कामाला जास्तीत जास्त धूळ आणि थोडा मेकअप. मग अख्खा कपडा पाण्यात नाहीतर केमिकलमध्ये बुडवायचा कशाला? रिठा त्यांनीच सांगितला. त्यांच्या सासूबाई इरकल आणि पैठणी रिठ्यानंच धुवायच्या म्हणे, आणि सोनार लोक दागिने पण रिठ्याच्या पाण्यात घासतात हे तर आपण लहानपणापासून बघतोच.

रिठा काय करतो तर त्याच्या सालीत सॅपोनिन नावाचं साबणासारखं द्रव्य असतं, त्याचा फेस होतो आणि घाम-तेल सुटतं. धुण्याच्या पावडरमध्ये सोडा असतो, रेशमाला आणि रंगाला तो मानवत नाही, रिठ्यात तो प्रश्न नाही. अजून एक आपल्याकडचा फायदा, बोअरच्या जड पाण्यात साध्या साबणाचा फेस होत नाही आणि पांढरी साय धरते ती मण्यांच्या मधल्या फटीत बसते, मग काळ्या-जांभळ्या कापडावर राख टाकल्यासारखं दिसतं. रिठ्याची तशी साय बसत नाही. तरी मी नळाला पाणी येतं त्याच दिवशी हे काम काढते, राकसकोप धरणाचं ते पाणी मऊ आहे, शेवटचं पुसायला तेच बरं.

पाणी असं करते. आठ-दहा रिठे फोडून बी काढायची, नुसती साल एक लिटर पाण्यात रात्रभर भिजत. सकाळी १५ मिनिटं बारीक गॅसवर उकळायचं, गार झालं की हातानं कुस्करायचं आणि जुन्या मलमलच्या फडक्यातून दोनदा गाळायचं, नाहीतर सालीचे कण अस्तरात अडकतात. डोळ्याला लागू देऊ नका, भयंकर झोंबतं, मुलांना लांब ठेवा. हे पाणी दोन दिवसांत आंबतं, म्हणून मी उरलेलं बर्फाच्या ट्रेमध्ये घालून फ्रीजरला ठेवते आणि ट्रेवर मोठ्या अक्षरात लिहिते, कारण एकदा आमच्या सासऱ्यांनी ते क्यूब सरबतात घातले होते.

आता खरी गोष्ट इथं आहे. चोळीला रिठ्याचं पाणी लावायचं नाही, फेस लावायचा. नुसता फेस. वाटीभर पाणी ताक घुसळायच्या रवीनं घुसळा, वर दाट फेस येतो तो चमच्यानं उचला, त्यात पाणी अगदी कमी असतं. चोळी उलटी करा, आत काखेखाली पांढरा टॉवेल सारा, म्हणजे अस्तर आणि वरचं कापड यांच्या मध्ये, ते नाही जमलं तर निदान पुढची आणि मागची बाजू यांच्या मध्ये. मग लहान बाळाचा दात घासायचा मऊ ब्रश घ्या, फेस टेकवा आणि घासू नका, टेकवत टेकवत जा, बाहेरच्या कडेकडून आत. घासलं की अस्तराला गोळे येतात, आणि त्याहून वाईट म्हणजे आरीचा धागा ओढला जातो. दोन मिनिटांनी साध्या पाण्यात पिळलेल्या फडक्यानं तीन-चार वेळा टिपून घ्यायचं. खालच्या टॉवेलवर पिवळट-करडा डाग उमटतो बघा, तो घाम. पहिल्यांदा तो डाग बघितला तेव्हा मला एवढं समाधान वाटलं की मी शेजारच्या वैनींना बोलवून दाखवला.

आरीच्या धाग्याबद्दल थोडं लिहायलाच पाहिजे कारण निम्मी नुकसानी तिथंच होते. आरीचं काम म्हणजे आकड्याच्या सुईनं केलेली साखळी. एका फासातून दुसरा फास, दुसऱ्यातून तिसरा. दिसायला घट्ट, पण शेवटची गाठ सुटली आणि धागा योग्य बाजूनं ओढला गेला तर उसवत जातो, स्वेटर उसवतो तसा, आणि मणी टपटप पडत सुटतात. म्हणून धुवायच्या आधी अर्धा तास चांगल्या उजेडात बसून चोळी उलट-सुलट बघायची, धाग्याचं टोक कुठं बाहेर आलंय का, कुठला मणी हलतोय का. असेल तर आधी सुईदोऱ्यानं गाठ मारा, मग मागच्या बाजूनं फॅब्रिक ग्लूचा एक ठिपका, सुकू दे, आणि मगच पाणी. एकदा कंटाळा केला मी, म्हटलं आधी धुते मग बघते, पाठीवरच्या मोराची अख्खी मान हातात आली. आणि हो, पडलेले मणी फेकू नका, एका डबीत ठेवा, त्याच शेडचे परत मिळत नाहीत. ड्रेस करून घेतानाच आक्कांकडून मूठभर जादा मणी मागून घेतलेले उत्तम.

रिठ्याची एक बाजू मात्र सांगितलीच पाहिजे, पांढऱ्या आणि फिक्या कापडाला तो चालत नाही. पाणी तपकिरी असतं, अस्तर ऑफव्हाईट असेल तर चहासारखी छटा राहते. आमच्या जांभळ्या चोळ्यांना काही नाही, पण दुसऱ्या सेटच्या मोतिया रंगाच्या ब्लाऊजवर मी हा प्रयोग केला आणि कड राहिली, ती गेली नाही. फिक्या रंगाला लोकरीच्या कपड्यांचा सौम्य लिक्विड साबण घ्या, अर्ध्या बादलीला एक झाकण असं नाही, वाटीभर पाण्यात दोन-तीन थेंब, आणि त्याचाही फक्त फेसच. कुठलंही काही लावायच्या आधी आतल्या शिवणीवर एक थेंब, दहा मिनिटं थांबा, पांढरा कापूस दाबून बघा रंग येतोय का. लाल, मरून आणि काळ्याला तर हे न चुकता करा, आमच्याकडं मिळणारं गडद कापड पहिल्या पाण्याला रंग सोडतंच सोडतं.

डाग आणि वास हे दोन वेगळे विषय आहेत हे मला उशिरा समजलं. ताज्या घामाला फारसा वास नसतो, त्यावर जंतू वाढतात आणि ते वास करतात. म्हणजे कार्यक्रम संपल्यावर पहिले दोन तास महत्त्वाचे. इथं ते आयसोप्रोपिल कामाला येतं. परदेशात नाटकवाले आणि बॅलेवाले यासाठी पूर्वीपासून व्होडका स्प्रे करतात, तत्त्व तेच, अल्कोहोलनं जंतू मरतात आणि ते उडून जातं, मागं वास राहत नाही. आता आमच्या घरात क्लासच्या मुलींच्या कपड्यांसाठी दारूची बाटली आणणं काही जमण्यातलं नव्हतं, आणि गरज पण नाही, मेडिकलमधलं ७० टक्केवालं त्याहून चांगलं काम करतं. मी पूर्वी साधं सर्जिकल स्पिरिट आणलं होतं, त्यानं अस्तरावर हलकी तेलकट कड आली. मग वाचून कळलं की काही प्रकारच्या सर्जिकल स्पिरिटमध्ये कातडी कोरडी पडू नये म्हणून एरंडेल तेल घातलेलं असतं. तेव्हा बाटलीवर काय लिहिलंय ते वाचूनच घ्या.

स्प्रे फक्त आतून. चोळी उलटी करून वीतभर अंतरावरून काखेत, मानेला, कमरेला हलका फवारा, भिजवायचं नाही, आणि लगेच पंख्याखाली. बाहेरच्या बाजूला मारू नका, टिकल्यांवरचा रंग आणि मोत्यांची चमक याला अल्कोहोल लागलं तर जाऊ शकते. आणि विस्तवाजवळ अजिबात नाही. हे मी कळकळीनं सांगते कारण ग्रीनरूममध्ये नटराजासमोर समई लावलेली असते, उदबत्ती असते, आणि मुली तिथंच कपडे बदलतात. आमच्यात नियम आहे, बाटली माझ्या पर्समध्ये, मुलींच्या हातात नाही, आणि फवारणी खिडकीपाशी.

गेल्या मे महिन्यात शिवजयंतीच्या चित्ररथाला आमच्या मुली देखाव्यात होत्या. ज्यांनी बेळगावची ती मिरवणूक बघितलीय त्यांना सांगायला नको, नरगुंदकर भावे चौकातून निघालं की रात्रभर चालतं, ढोल, गर्दी, हॅलोजनची धग. पहाटे मुली घरी आल्या तेव्हा चोळ्या पिळून काढाव्यात अशा. मी झोपले नाही, तशीच बसून १४ चोळ्या उलट्या केल्या, स्प्रे, पंखा, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी फेस. वास शून्य. शून्य म्हणजे आमच्या क्लासमधल्या सगळ्यात नाक मुरडणाऱ्या आईनं हुंगून पास केला, ती अत्तराचा व्यवसाय असल्यासारखी हुंगते.

डिओ आणि परफ्यूम मारायची सवय मात्र मोडा. त्यानं वास झाकतो, जात नाही, घाम आणि गुलाब मिळून तिसराच वास तयार होतो, आणि जरीवर पडलं की जर काळी पडते. व्हिनेगर पण पुष्कळजणी सांगतात, सुती अस्तराला ठीक असेल, पण धातूच्या टिकल्या, जरदोसी म्हणजे धातूच्या तारेचं काम असेल तर आंबट पदार्थ लावायचाच कशाला. खायचा सोडा टाकून बघितला होता मी, वास थोडा कमी झाला पण ती पांढरी भुकटी मण्यांच्या फटीतून निघता निघेना, शेवटी रंगकामाच्या कोऱ्या ब्रशनं तासभर झाडत बसले. आणि फ्रीजरमध्ये ठेवायचा तो सल्ला, त्यानं जंतू मरत नाहीत, झोपतात नुसते, बाहेर काढून मुलीच्या अंगावर गरम झालं की परत सुरू.

मेकअपचं वेगळं. मानेला फाउंडेशन लागतंच. ताजं असेल तर टाल्कम पावडर दाबून ठेवा अर्धा तास, झाडा, मग कानात घालायच्या काडीच्या कापसाला थोडं अल्कोहोल लावून नुसतं अस्तरावर टिपा. गजऱ्याचा पिवळा डाग रिठ्यानं फिका होतो, पूर्ण जात नाही. आणि अळता, त्याला माझ्याकडं उत्तर नाही, घागऱ्याच्या काठाला लागला की तो तिथं राहायलाच आलेला असतो, म्हणून अळता पूर्ण सुकल्याशिवाय मी मुलींना घागरा घालू देत नाही, पाच मिनिटं उशीर झाला तरी चालेल.

वाळवणं. पिळायचं नाही हे सांगायला नको, हँगरला पण लावायचं नाही. ओल्या चोळीला मण्यांचं वजन खाली ओढतं, खांदे लांबतात, गळा उघडा पडतो, आणि ते परत आत जात नाही. मी कपडे वाळवायच्या स्टँडवर जुनी मच्छरदाणी ताणून बांधलीय, त्यावर उलट्या चोळ्या आडव्या पसरते, खालून-वरून वारा लागतो. पंखा दोनवर. उन्हात नाही, रंग उडतो आणि प्लास्टिकच्या टिकल्या वाकड्या होतात. इस्त्रीचं नावच काढू नका, फार चुरगळलं असेल तर अस्तराच्या बाजूनं वीतभर लांबून वाफ, ती पण जिथं काम नाही तिथंच.

राहिला पावसाळा. आपलं जून ते सप्टेंबर काय असतं माहितीच आहे, खानापूरकडच्या मैत्रिणी तर सांगतात की कपाटातला चामड्याचा पट्टा पण हिरवा होतो. घाम पूर्ण न काढता ठेवलेल्या कपड्यावर बुरशी आधी धरते. प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नका, आत ओल कोंडते. जुन्या सुती साडीचे तुकडे धुवून, वाळवून, त्यात एकेक चोळी आडवी गुंडाळायची, काम आतल्या बाजूला येत असेल तर मध्ये आणखी एक मऊ फडकं, म्हणजे मणी मण्यात अडकत नाहीत. डांबरगोळी कपड्याला टेकवून ठेवायची नाही, जरीला आणि प्लास्टिकला दोन्हीला वाईट, आणि तो वास मुलींच्या डोक्यात जातो. मी पुरचुंडीत लवंगा आणि वाळलेला कडुनिंब ठेवते, आणि बुटांच्या खोक्यातून येतात ती सिलिकाची पाकिटं साठवून तीन-चार कोपऱ्यात. पंधरा दिवसांतून एकदा, ऊन पडलेला दिवस बघून, गाठोडं सोडून खोलीत तासभर वारा द्यायचा.

शेवटी आणखी एक छोटी वस्तू, काखेत लावायचे कापडी पॅड. टेलरमामांनी जुन्या सुती टॉवेलचे अर्धचंद्र कापून दिले, टिचबटणानं लागतात, कार्यक्रम झाला की काढून साध्या साबणानं खसाखसा धुवायचे. हे लावायला लागल्यापासून फेसाचं काम चार कार्यक्रमांतून एकदाच पडतंय. नवीन ड्रेस शिवायला टाकताना पहिल्यांदाच हे सांगून ठेवा, नंतर आरीच्या कामातून बटणं लावायला टेलर कुरकुरतात.

रिठे घेताना ताजे बघून घ्या, साल मधासारखी तपकिरी, थोडी चिकट आणि किंचित पारदर्शक पाहिजे, हलवलं की आतली बी खुळखुळते. काळपट आणि दगडासारखे कडक असतील तर जुने, फेस कमी येतो. तयार पावडर मिळते पण ती मी घेत नाही, कितीही गाळली तरी गाळ राहतो. आणि दुकानदाराला रिठा म्हटलेलं कळलं नाही तर कानडीत अंटवाळकाई म्हणा, लगेच पोत्यात हात घालतो.